तळमजल्याचा भाडेकरू

शेषगिरिरावांनी कागदाचा वरचा चार बोटं भाग मागे दुमडला, नखाने घडी पक्की केली आणि मगच चष्मा नाकावर चढवला. दुमडलेल्या भागात घरमालकाचं नाव आणि घराचा पत्ता होता. त्यांना त्यातलं काहीही बघायचं नव्हतं.

"नाव नको, गल्ली नको," ते म्हणाले. "नाव कळलं की माणूस दिसायला लागतो, आणि माणूस दिसला की आकडा वाकतो. भाग कुठला, तेवढं सांग."

"बसवनगुडी, सर."

"दलालाने सांगितलं ना? मग हनुमंतनगरपासून पार म्हैसूर रोडपर्यंत कुठेही असेल. चालेल. कॉफी सांग."

गांधी बाजारातल्या त्या हॉटेलात बसायची सोय नव्हती. छातीएवढ्या उंच टेबलांभोवती माणसं उभ्याने इडली खात, आणि रोज सकाळी साडेसात ते नऊ कोपऱ्यातलं टेबल शेषगिरिरावांचं असे. सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली होती. भाड्याने द्यायला म्हणून घर घेऊ पाहणारा त्या भागातला माणूस आधी त्यांच्यापुढे कागद ठेवी आणि मग बँकेची पायरी चढे. फी ठरलेली होती: एक कॉफी, दोघांत अर्धी अर्धी. एकदा एकाने कौतुकाने मसाला डोसा मागवला, तेव्हा रावांना लाच दिल्यासारखं वाटलं आणि त्या बिचाऱ्याचे आकडे त्यांनी दोनदा तपासले.

आजचा माणूस सुमुख भट. तीर्थहळ्ळीकडचा, बत्तीस वर्षांचा, बोलताना मान खाली घालणारा. सुपारीच्या बागेतला वाटा विकून त्याच्याकडे पंचाहत्तर लाख आले होते. घर एक कोटी वीस लाखांचं होतं. उरलेले पंचेचाळीस बँक देणार होती, नऊ टक्क्यांनी.

"तीन मजले," राव वाचू लागले. "दुसऱ्याचं भाडं एकोणीस हजार. पहिल्याचं एकवीस. ठीक आहे. तळमजला..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "साडेआठ?"

"जुना भाडेकरू आहे, सर. खाली दलालाने लिहिलंय बघा."

खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: 'वयस्क जोडपं. म्हातारा कटकट्या. सांभाळून.'

शेषगिरिराव मनापासून हसले. "ही जात मला पाठ आहे. अकरा-अकरा महिन्यांचे करार करत पंचवीस-तीस वर्षं काढतात. भाडं वाढवायची वेळ आली की यांचा रक्तदाब वाढतो. बंगळुरात असे गल्लोगल्ली सापडतील. याला भाडेकरू नाही म्हणत, वाळवी म्हणतात."

"तुम्हीपण भाड्यानेच राहता ना, सर?"

"माझी गोष्ट वेगळी." रावांनी कॉफीचा घोट घेतला. "मी एक तारीख चुकवत नाही. घर जपतो. आमच्या मालकीणबाई, गिरिजम्मा, त्या तर मला घरचाच समजायच्या. दोन वर्षं झाली जाऊन."

"भाडं किती आहे, सर?"

"विषय तुझ्या घराचा चालला आहे."

मग पंधरा मिनिटं ते आकडे मांडत राहिले. मालमत्ता कर, दुरुस्ती, वर्षाकाठी एखादा महिना रिकामा जाणारा मजला, सगळं वजा करून त्यांनी खाली रेघ मारली. आज हे घर सव्वाचार टक्के देत होतं. तळमजला रिकामा केला, तीन लाख घालून स्वयंपाकघर आणि मोरी नवी केली, तर त्याचेच बावीस हजार येतील आणि घर साडेपाच टक्क्यांवर जाईल. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि लिहिलं: 'घ्यावे. आधी तळमजला रिकामा करावा.' दुसऱ्या वाक्याखाली दोन रेघा ओढल्या.

सुमुख त्या रेघांकडे बघत राहिला. "वयस्क माणसं आहेत सर. कुठे जातील?"

"केंगेरीला जातील. अकरा हजारांत खोली मिळते तिकडे. मेट्रो आहे. हवा चांगली आहे."

"दलाल म्हणत होता, त्यापेक्षा तळमजला भोग्याला दे. राहणारा एकरकमी वीस-पंचवीस लाख देतो, भाडं देत नाही, आणि सोडताना रक्कम परत नेतो. तेवढं कर्ज कमी काढावं लागेल."

"घेणाऱ्याचं बरं आहे त्यात. देणारा मूर्ख हवा." रावांचा आवाज चढला, तसा शेजारच्या टेबलावरच्या माणसाने चमचा थांबवला. "जन्माची पुंजी दुसऱ्याच्या भिंतीत ठेवायची, आणि पाच वर्षांनी ती परत देता का म्हणून त्याच्याच दारात उभं राहायचं. माझ्याकडे आलेल्या एकाही माणसाला मी भोग्याला पैसे देऊ दिलेले नाहीत. तुला असा मूर्ख सापडला तर सोडू नकोस. पण त्याच्या भरवशावर घर घेऊ नकोस."

कागदावर घर पास झालं की मग ते प्रत्यक्ष बघायला जायचं, हा रावांचा दुसरा नियम. रविवारी सकाळी ते सुमुखच्या स्कूटरवर मागे बसले. पिशवीत टॉर्च होता, खडू होता आणि भिंत पोकळ आहे का हे ठोकून बघायला पाच रुपयांचं जाड नाणं होतं.

पिठाच्या गिरणीपाशी स्कूटर उजवीकडे वळली.

"इकडे कुठे?" रावांनी विचारलं.

"आलंच, सर."

गणपतीच्या देवळापाशी ती डावीकडे वळली, तेव्हा राव खूश झाले. म्हणजे कोपऱ्यावरच्या पुट्टण्णाने घर विकायला काढलं तर! एवढा मिशीला पीळ देत फिरतो आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. ही बातमी घरी गेल्यावर वनजाक्षीला कशी सांगायची, कुठे थांबायचं, याची त्यांनी जुळवाजुळवही केली. पुट्टण्णाचं घर मागे गेलं. स्कूटर हिरव्या फाटकापाशी थांबली. ते फाटक गेल्या दिवाळीत रावांनी स्वतःच्या पैशाने रंगवून घेतलं होतं.

बोरेगौडा दलाल फाटकाशी उभाच होता. त्याने पुढे होऊन तळमजल्याची घंटी वाजवली. शेषगिरिराव स्कूटरवरून उतरले नाहीत. उतरावं हे त्यांना सुचलंच नाही.

वनजाक्षीने दार उघडलं. तिने दलालाकडे पाहिलं, सुमुखकडे पाहिलं, आणि मग स्कूटरवर पिशवी कवटाळून बसलेल्या नवऱ्याकडे.

"किल्ली विसरलात?" तिने विचारलं.

दलालाला वाटलं, प्रश्न आपल्यालाच आहे.

"अम्मा, मी मंगळवारी सांगून गेलो होतो ना," दलाल म्हणाला, "टाकी बघायला माणसं येतील म्हणून. हे घेणारे. आणि हे त्यांचे मोठे सल्लागार."

"हो का," वनजाक्षी म्हणाली. "मग या ना आत. चपला बाहेर काढा."

शेषगिरिरावांनी आपल्याच दारात चपला काढल्या. सुमुखच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात तो कागद होता, आणि पातळ कापडातून लाल शाई बाहेरून दिसत होती. सुमुखने खिशावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून घरभर फिरला.

दलालाला अजून काही कळलं नव्हतं. तो आपलं नेहमीचं बोलू लागला. "पाणी चोवीस तास."

"गुरुवारी येत नाही," शेषगिरिराव म्हणाले. सवयच ती. ती कोणाचं घर आहे ते विचारत नाही.

"ओल कुठेही नाही."

"मोरीच्या मागच्या भिंतीला आहे. आषाढापासून कार्तिकापर्यंत."

"तुम्हाला काय माहीत, सर? मालकिणीच्या मुलाने मला मेलबर्नहून स्वतः फोनवर..." बोरेगौडाचं लक्ष खिडकीतल्या फोटोकडे गेलं. फोटोत वनजाक्षी होती आणि शेजारी काळ्या केसांचे शेषगिरिराव होते. त्याने फोटोकडे पाहिलं, सल्लागारांकडे पाहिलं, आणि पेन्सिलीने आपण काय लिहून दिलं आहे ते आठवून तो टाकी बघायला गच्चीवर निघून गेला.

सुमुखला बघायचं काहीच उरलं नव्हतं, पण लगेच निघावं कसं हेही त्याला कळेना. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. घड्याळ फ्रिजवर भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. फ्रिज घरघरला की ते हळूच सरके. कॅलेंडर खिडकीच्या कडीला अडकवलेलं होतं. चंदनाचा हार घातलेला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो पेटीवर उभा होता आणि त्यांच्या पायाशी अडसर म्हणून पितळी तांब्या होता.

"अम्मा, हे सगळं भिंतीवर का नाही लावलं?"

"भिंत आपली नाही ना," वनजाक्षी म्हणाली. "राहायला आलो त्या दिवशी गिरिजम्मा म्हणाल्या होत्या, खिळे ठोकू नका. पुढे त्या विसरल्या. हे नाही विसरले. सत्तावीस वर्षांत एक खिळा नाही. माझे वडील कितीदा पडले त्या पेटीवरून! कॉफी घेणार ना?"

माणसं गेल्यावर वनजाक्षी भिजवलेल्या पावट्यांची परात घेऊन खाली बसली. अंगठा आणि बोटात दाणा धरून ती दाबे, आणि सालातून तो टुणकन परातीत उडे. शेषगिरिराव खुर्चीवर बसले. पिशवीतला टॉर्च कसा कोण जाणे सुरू झाला होता, तो त्यांनी बंद केला.

"त्या मुलाला काय सांगितलंत?" तिने विचारलं.

"घ्यावं म्हणून."

"आणि?"

"आणि काय?"

"तो सारखा खिशावर हात ठेवत होता."

शेषगिरिरावांनी सांगून टाकलं. कागदावरचं सगळं सांगितलं, वाळवीही सांगितली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि या वयात ते साधलंही नसतं. वनजाक्षीने ऐकून घेतलं. दाणे टुणटुण उडत राहिले.

"मग आपण कुठे जायचं?"

त्यांनी टॉर्च पुन्हा पिशवीत ठेवला.

"शेजारच्या लक्ष्मीची बहीण केंगेरीला गेली," तीच म्हणाली. "हवा चांगली आहे म्हणते. पण गाण्याला येणाऱ्या माझ्या मुली काही तिकडे यायच्या नाहीत." दुपारी गल्लीतल्या चार मुली तिच्याकडे भजनं शिकायला येत. चौघी मिळून तिला महिन्याला आठशे रुपये देत, आणि रावांच्या वहीत त्याचा स्वतंत्र रकाना होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गिरिजम्मांनी हे घर आपल्यालाच विचारलं होतं. नऊ लाखांना."

"बँक तेव्हा दहा टक्के देत होती. हे घर साडेपाच देत होतं."

"हो, तुम्ही म्हणाला होतात तसं," वनजाक्षी म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं. शेषगिरिरावांना लाज वाटली, आणि ती कोणत्या आकड्याची हे त्यांना ठरवता येईना. पंचवीस वर्षांपूर्वीच्या हिशेबात चूक नव्हती. सुमुखसाठी केलेल्या हिशेबातही चूक नव्हती. दोन्ही बरोबर होते, आणि दोन्हींच्या शेवटी वनजाक्षी घराबाहेर होती.

तीन दिवस कोपऱ्यातलं टेबल रिकामं राहिलं. हॉटेलच्या मालकाला वाटलं, म्हातारा आजारी पडला. राव घरी वही घेऊन बसले होते. त्यांनी स्वतःला गिऱ्हाईक समजून सगळं पहिल्यापासून मांडलं. पेन्शन चौतीस हजार. बँकेत एकतीस लाख. प्रश्न एकच, राहायचं कुठे. तीनही दिवस, कोणत्याही बाजूने सोडवलं तरी, उत्तर केंगेरी येत होतं. असं गिऱ्हाईक टेबलापाशी आलं असतं तर त्यांनी कॉफी संपायच्या आत त्याला केंगेरीच्या गाडीत बसवलं असतं.

गुरुवारी सकाळी ते हॉटेलात गेले. सुमुख तिथे होताच. गेले तीन दिवस तो रोज येऊन जात होता.

"सर, मी ते घर सोडलं," तो घाईघाईने म्हणाला. "दुसरं बघतो. राजाजीनगरला एक..."

"का? माझा आकडा चुकला?"

"नाही सर, पण..."

"मग सोडायचं काय कारण? मी तुझी कॉफी प्यायलो आहे. कॉफी पिऊन चुकीचा सल्ला दिला असं माझ्या नावावर लागता कामा नये." शेषगिरिरावांनी पिशवीतून नवा कागद काढून टेबलावर पसरला. या कागदाला घडी नव्हती. वर मालकाचं नाव होतं, गल्ली होती, घर नंबर होता. तळमजल्यापुढे लिहिलं होतं: 'भाडेकरू: मी.'

"नीट ऐक. आम्हाला काढून नवा माणूस ठेवलास तर बावीस हजार. त्यातून दलाली गेली, रिकामा महिना गेला, स्वयंपाकघरात घातलेल्या तीन लाखांचं व्याज गेलं. हातात राहिले महिना अठरा हजार. बरोबर?"

"बरोबर."

"आता तळमजला भोग्याला दिलास. चोवीस लाख आले. तेवढं कर्ज तू काढलंच नाहीस. नऊ टक्क्यांनी त्याचं व्याज वाचलं महिना अठरा हजार. बरोबर?"

"सारखंच आलं."

"सारखं नाही आलं. नवा भाडेकरू दर वर्षी भाडं वाढवून देईल, भोग्याची रक्कम पाच वर्षं आहे तिथेच राहील. यात तुझा तोटा आहे, आणि तो तुझ्या लक्षात आला नाही. असाच राजाजीनगरला जाणार होतास." रावांनी कागदावर बोट ठेवलं. "म्हणून चोवीस नाही, सव्वीस. सव्वीस घे. मग तुझा तोटाही नाही आणि फायदाही नाही. करार नोंदणी करून, दोघांच्या नावाने. माझ्या आणि वनजाक्षीच्या."

सुमुखने आकड्यावरून नजर वर घेतली. बोलू की नको असं त्याला झालं होतं. "पण सर, तुम्हीच म्हणाला होतात. भोग्याला देणारा मूर्ख हवा म्हणून."

"सापडला की. सोडू नकोस, असंही म्हणालो होतो."

सुमुख हसला आणि लगेच गंभीर झाला. त्याने कॉफी आणली आणि दोन पेल्यांत सारखी वाटली, अगदी थेंबापर्यंत. राव ते बारकाईने बघत होते.

"यात तुम्हाला काय सुटतं, सर? किती टक्के?"

"या कागदाला तो रकाना नाही," शेषगिरिराव म्हणाले आणि कॉफीवर फुंकर मारू लागले.

घराचा सौदा पक्का झाला. महिन्याभराने एका शनिवारी दुपारी सुमुख कराराचा मसुदा घेऊन आला. मुली गाणं शिकून नुकत्याच गेल्या होत्या. त्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि छापलेली प्रत रावांना दिली. राव पेन्सिल घेऊन कलमामागून कलम वाचू लागले. वीजबिलाच्या कलमात त्यांना पळवाट दिसली, ती त्यांनी बुजवली. ती पळवाट भाडेकरूच्या सोयीची होती, हे सुमुखने दाखवून दिलं, तर त्यांनी त्याला लक्ष विचलित करू नकोस म्हणून सांगितलं. आत वनजाक्षी नारळ खवत होती. खवणीचा खर्रखर्र आवाज येत होता.

नवव्या कलमापाशी पेन्सिल थांबली. सगळ्या छापील करारांत असतं तेच ते कलम होतं: 'भाडेकरूने भिंतीस खिळे ठोकू नयेत.'

"हे बदल," शेषगिरिराव म्हणाले. "ठोकता येतील, असं लिही."

सुमुखची बोटं कळांवर चालली आणि थांबली. महिनाभर तो रोज सकाळी कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभा राहत होता, त्याचा परिणाम झाला होता. "किती, सर?"

"किती म्हणजे?"

"संख्या लागेल ना. नुसतं 'येतील' असं मोघम लिहिलं तर उद्या भांडण. तुम्हीच शिकवलंत. चार घालू? पाच?"

आतली खवणी थांबली.

शेषगिरिरावांनी फ्रिजकडे पाहिलं. घड्याळ सरकत सरकत पार कडेपर्यंत आलं होतं. त्यांनी उठून ते नीट केलं, पेटीवरच्या सासऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि परत येऊन खुर्चीवर बसले.

"आकडा घालू नकोस," ते म्हणाले.